स्वतःचा सर्व्हर : साठवण, खर्च आणि आपली तयारी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, राजर्षी शाहू महाराज आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. विषय काहीसा रुक्ष आहे आणि तो मांडणारा मनुष्य व्यवसायाने डॉक्टर आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. तरीही कार्यकारिणीने हे काम माझ्याकडे दिले, कारण आपल्या तरुण मंडळींनी मांडलेल्या एका प्रस्तावाचा हिशेब गेले काही महिने मी तपासत आहे. प्रस्ताव असा की, बड्या कंपन्यांच्या समाजमाध्यमांवर विसंबून न राहता आपल्या संस्थेने स्वतःचा विकेंद्रित समाजमाध्यमाचा सर्व्हर उभा करावा, तेथे आपल्या सभासदांची खाती असावीत आणि तेथील नियम आपण ठरवावेत. मी ह्या प्रस्तावाच्या बाजूचा आहे. म्हणूनच त्याचा खर्च आपल्यापुढे उघडा करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

हा विचार तरुणांच्या मनात उगाच आलेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी भारतात गेले असता त्यांच्या हाती ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा एक फलक देण्यात आला. ते छायाचित्र प्रसिद्ध होताच एवढा गदारोळ उठला की कंपनीच्या वतीने जाहीर दिलगिरी व्यक्त झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद करण्यात आले. पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले. आणि 'निळी खूण कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही' हा प्रश्न दलित-बहुजन लेखकांनी एकमुखाने विचारला. त्या महिन्यात हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉन नावाच्या एका निराळ्या व्यवस्थेत खाती उघडली. त्यांतील बरेचजण काही आठवड्यांत परतले, ही गोष्ट खरी. पण एक चिन्ह मागे राहिले. मॅस्टोडॉनच्या सर्वांत मोठ्या सर्व्हरच्या नियमावलीत वंशवादाच्या बरोबरीने जातिवादालाही आज नाव घेऊन मनाई आहे.

ज्यांना ही व्यवस्था परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जर्मनीतील युजेन रोचको ह्या तरुण संगणककाराने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सिद्ध केले. एका कंपनीचा एक प्रचंड सर्व्हर असण्याऐवजी येथे हजारो लहान-मोठे सर्व्हर असतात. कोणी विद्यापीठाचा, कोणी मित्रमंडळाचा, कोणी एकट्याचा. ते सर्व एका समाईक भाषेत एकमेकांशी बोलतात. ह्या भाषेला, म्हणजे 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' ह्या नियमसंचाला, जागतिक वेब संघटनेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे नागपूरच्या मुलीचे खाते एका सर्व्हरवर आणि न्यू जर्सीच्या मुलाचे दुसऱ्यावर असले तरी दोघे एकमेकांचे वाचू शकतात. सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. आपली बरीच मंडळी येथेच थांबतात आणि म्हणतात, 'डॉक्टरसाहेब, फुकट आहे, मग अडचण काय?'

वृत्तपत्राचे तंत्रही कोणाच्या मालकीचे नव्हते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा छपाईची विद्या जगाला ठाऊक होती. त्यांना प्रथम हवे होते ते पैसे, आणि राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. 'केसरी'ने पैसे घेऊनदेखील 'मूकनायक'ची जाहिरात छापण्यास नकार दिला, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ह्या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्या भाषणांतून क्वचितच येतो. 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडला. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेला 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ नंतर निघाला नाही. बाबासाहेब त्याचे रकानेच्या रकाने स्वतःच्या हाताने भरत होते, आणि तरी पत्रावर कर्जाचा भार होता. हे कर्ज समाजाचे नव्हे काय, असे त्यांना आपल्याच अग्रलेखातून वाचकांना विचारावे लागले. लेखणी बाबासाहेबांची असूनही वर्गणी नियमित आली नाही की पत्र थांबते. एकदाच मिळालेली देणगी आणि दरमहाची वर्गणी यांत केवढे अंतर आहे, हे ह्या दोन पत्रांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

आता साठवणुकीकडे येऊ. माझ्या सगळ्या मांडणीचा कणा हाच आहे, म्हणून येथे मी जरा वेळ घेणार आहे.

टपाल कचेरी पत्र पोहोचवते आणि मोकळी होते. मॅस्टोडॉनचा सर्व्हर पत्र पोहोचवतो आणि त्याची एक प्रत आपल्या कपाटात ठेवतो. आपला सभासद दुसऱ्या सर्व्हरवरच्या एखाद्या व्यक्तीचे लेखन वाचण्यासाठी नाव नोंदवतो (त्याला तेथे 'फॉलो करणे' म्हणतात), त्या क्षणापासून त्या व्यक्तीचा प्रत्येक मजकूर, प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक चित्रफीत आपल्या सर्व्हरवर येऊन बसू लागते. ती व्यक्ती इतरांचे जे पुढे पाठवते, तेही येते. त्या सर्वांची मुखचित्रे येतात. कोणी बातमीचा दुवा दिला तर त्या बातमीचे लहान चित्र येते. म्हणून आपल्या सर्व्हरवर किती जागा लागेल हे सभासद किती आहेत यावरून ठरत नाही. सभासदांनी मिळून किती निरनिराळ्या लोकांना फॉलो केले आहे, यावरून ते ठरते. चाळीस सभासदांनी एकाच व्यक्तीला फॉलो केले तर एक प्रत पुरते. त्याच चाळीस जणांच्या आवडी चाळीस दिशांना गेल्या की प्रतीही चाळीस दिशांनी येऊ लागतात.

मी एक साधा हिशेब मांडला. समजा, आपले चाळीस सभासद मिळून तीन हजार निरनिराळ्या खात्यांना फॉलो करतात आणि प्रत्येक खात्याकडून दिवसाला सरासरी पाच चित्रे येतात. दिवसाला पंधरा हजार चित्रे झाली. चित्र अर्ध्या मेगाबाइटचे धरले तर रोज साडेसात गिगाबाइट. महिन्याला सव्वादोनशे, आणि वर्षाअखेर सत्तावीसशे गिगाबाइटांहून अधिक, म्हणजे पावणेतीन टेराबाइट. चित्रफिती मी ह्यात धरलेल्याच नाहीत. एकेका चित्रफितीला नव्व्याण्णव मेगाबाइटांपर्यंत मुभा असते. ह्याउलट मजकूर पाहा. पाचशे अक्षरांचा मजकूर सर्व नोंदींसह पाच किलोबाइटांचा धरला, तर पंधरा हजार मजकुरांना शंभर मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत. विचार स्वस्त आहेत, चित्रे महाग.

ही जागा अ‍ॅमेझॉनच्या साठवण-सेवेत भाड्याने घेतली, तर २०२४ मध्ये तेथील सर्वसाधारण दर दर गिगाबाइटला महिन्याला दोन पूर्णांक तीन दशांश सेंट होता. पहिल्या महिन्याचे बिल पाच डॉलर येईल. कार्यकारिणी आनंदित होईल. बाराव्या महिन्याचे बिल साठ डॉलरांच्या वर जाईल, आणि मधल्या काळात सभासद एकही वाढलेला नसेल. आम्हा डॉक्टरांना हा आलेख फार ओळखीचा आहे. रोग्याला कसलाही त्रास नसतो, दरवेळी आकडा थोडासा वर असतो, आणि तो दरवेळी म्हणतो की पुढच्या भेटीत पाहू.

साठवण्यापेक्षा दाखवणे महाग, ही आणखी एक गंमत. त्याच सेवेत साठवलेली वस्तू बाहेर पाठवण्याचा दर त्या वेळी दर गिगाबाइटला नऊ सेंट होता, पहिले शंभर गिगाबाइट सोडून. म्हणजे एक टेराबाइट महिनाभर ठेवण्याचे तेवीस डॉलर आणि तेवढाच साठा एकदा लोकांना दाखवण्याचे सुमारे एक्याऐंशी. बाहेर नेण्याचे शुल्क न घेणाऱ्या सेवाही बाजारात आहेत. करार करण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा : ठेवण्याचे किती, आणि नेण्याचे किती?

उपाय नाही असे मुळीच नाही. दुसऱ्यांच्या चित्रांच्या प्रती ठराविक दिवसांनी पुसून टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. सात दिवसांची मर्यादा घातली की वर सांगितलेला पावणेतीन टेराबाइटांचा डोंगर पन्नास-पंचावन्न गिगाबाइटांवर येतो. चित्रांच्या साठ्याचे मासिक भाडे दीड डॉलरच्या आत. जुने चित्र कोणाला पुन्हा पाहायचे झाले तर ते मूळ सर्व्हरवरून पुन्हा आणता येते, अर्थात तो सर्व्हर जिवंत असेल तर. मात्र मुखचित्रे आणि बातम्यांच्या दुव्यांची चित्रे निराळ्या आज्ञांनी पुसावी लागतात. बाहेरून आलेला मजकूर तर माहितीकोशात साचतच राहतो. सफाईचे हे वेळापत्रक पहिल्या दिवशी लावायचे असते. साठा भरल्यावर, रात्री दोन वाजता, सर्व्हर बंद पडल्यावर ते लावू पाहणारे लोक पुष्कळ झाले.

लहान सर्व्हरची एक वेगळीच व्यथा आहे. नवा सर्व्हर सुरुवातीला सुनासुना असतो, कारण कोणी कोणाला फॉलो केलेले नसते. मग संचालक अनेक सर्व्हरांचा मजकूर एकत्र ओतणाऱ्या 'रिले'ला जोडून घेतात. घर गजबजते, आणि ज्यांना आपल्यापैकी कोणीही ओळखत नाही अशा माणसांच्या मांजरांची छायाचित्रे आपल्या वर्गणीतून साठवली जाऊ लागतात. माझे स्पष्ट मत आहे की आपण रिले जोडू नये. घर काही दिवस शांत राहिले तर राहू द्यावे.

मोठ्या प्रमाणावर काय होते त्याचे एक उदाहरण देतो. इलॉन मस्क यांनी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी ट्विटर विकत घेतले आणि लाखो लोक मॅस्टोडॉनकडे वळले. सिअ‍ॅटल येथे क्रिस नोव्हा नावाच्या संगणक-अभियंत्या 'हॅकीडर्म' हा सर्व्हर स्वतःच्या घराच्या तळघरातील यंत्रांवर चालवीत होत्या. काही शेकड्यांची वस्ती नोव्हेंबर संपेपर्यंत तीस हजारांच्या घरात गेली. तेव्हा अडचण निघाली ती साठवणीच्या तबकड्यांची. त्या मंदावल्या, आणि त्यांच्यावर टेकलेली सगळी यंत्रणा रांगेत उभी राहिली. स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून मुख्य यंत्रे जर्मनीतील भाड्याच्या संगणकांवर नेली आणि चित्रांचा साठा वेगळ्या साठवण-सेवेत हलवला. हे सगळे लोक आपापल्या व्यवसायात वाकबगार होते. आपल्या संस्थेत असे किती आहेत आणि त्यांतले किती रात्रपाळीला तयार आहेत, हे मी आज विचारणार आहे.

तबकडीपेक्षा माणूस आधी थकतो. सुमारे चोवीस हजार खात्यांचा 'मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी' २०२२ च्या अखेरीस बंद झाला. एका संचालकाला तो पेलणे शक्य राहिले नव्हते. 'मॅस्टोडॉन डॉट लोल'च्या संचालकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, सभासदांतील भांडणे आणि स्वतःवरील द्वेषपूर्ण संदेश असह्य होऊन, सर्व्हर बंद करत असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्वीअर डॉट एएफ' हा सर्व्हर गेला, कारण त्याच्या नावातील शेवटची दोन अक्षरे अफगाणिस्तानची होती आणि तेथील तालिबान राजवटीने ते नाव काढून घेतले. नाव स्वस्त किंवा आकर्षक मिळते म्हणून परक्या राष्ट्राच्या कृपेवर आपले घर बांधू नये, हे त्यावरून दिसते. सर्व्हर बंद होताना सभासदाला दुसरीकडे जाता येते, त्याचे वाचकही त्याच्यामागे जातात, पण त्याने लिहिलेले मजकूर नव्या घरी जात नाहीत. ते जुन्या घराबरोबर पुसले जातात.

'मग परकी कंपनीच बरी', असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. याहूने आपल्या 'ग्रूप्स'मधील वर्षानुवर्षांचा मजकूर पुसण्याचा निर्णय २०१९ मध्ये घेतला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच गुंडाळली. फुकटच्या जागेवर बांधलेल्या घराचे हे असे होते.

बंधू-भगिनींनो, आतापर्यंत मी पैशांविषयी बोललो. प्रत साठवण्याची आणखी एक किंमत आहे, आणि ती बिलात दिसत नाही.

दुसऱ्याने पाठवलेली प्रत आपल्या तबकडीवर आहे म्हणजे ती आपल्या ताब्यात आहे. जुलै २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील इंटरनेट अभ्यासकेंद्राने ह्या विकेंद्रित जाळ्याची पाहणी प्रसिद्ध केली. दोन दिवसांतील सुमारे सव्वातीन लाख मजकुरांत बालकांच्या लैंगिक शोषणाची, आधीच नोंद असलेली एकशे बारा चित्रे सापडली. असे चित्र आपल्या सभासदाने टाकलेले नसले तरी त्याची प्रत आपल्याकडे येऊ शकते, आणि ते आढळल्यावर कळवण्याची कायदेशीर जबाबदारी ह्या देशात सेवा चालवणाऱ्यावर असते. बालरोग्यांच्या बाबतीत अशी जबाबदारी आम्ही डॉक्टर रोज वाहतो, म्हणून तिचे ओझे मी जाणतो. ते काम सद्भावनेच्या भरवशावर सोडता येत नाही. त्यासाठी नेमलेला मनुष्य लागतो. स्वामित्वहक्काच्या तक्रारींसाठी सरकारदरबारी प्रतिनिधीचे नाव नोंदवावे लागते. त्याचे शुल्क अवघे सहा डॉलर आहे, पण दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायला विसरले की संरक्षण गेले.

आणि आपल्या समाजापुरता सर्वांत नाजूक प्रश्न. मॅस्टोडॉनवर दोन व्यक्तींनी एकमेकांना खासगी म्हणून पाठवलेले संदेश सर्व्हरवर कुलूपबंद नसतात. ज्याच्या हाती सर्व्हर आहे, तो ठरवले तर ते वाचू शकतो. ह्या सभागृहात असे सभासद आहेत की ज्यांनी आपल्या कचेरीत आपली जात कधी उघड केलेली नाही, आणि त्यामागे सबळ कारणे आहेत. असा सभासद आपल्या सर्व्हरवर, आपला समजून, मन मोकळे करील. त्याच्या शब्दांची राखण कोण करणार? मे २०२३ मध्ये 'कोलेक्टिव्हा' ह्या सर्व्हरच्या एका संचालकाच्या घरावर अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच प्रकरणात छापा घातला आणि त्याची यंत्रसामग्री नेली. तीत सर्व्हरच्या माहितीकोशाची एक राखीव प्रत होती, आणि त्या वेळी ती सांकेतिक लिपीत बंद केलेली नव्हती. हजारो निरपराध लोकांची माहिती एका टेबलावरून उचलली गेली. राखीव प्रत ठेवलीच पाहिजे, नाही तर एका बिघाडात सगळे जाईल. आणि ती ठेवली की तिचे रक्षण हे नवे काम मागे लागते. रुग्णालयातील रोग्याच्या कागदांना जी शिस्त लागते, तीच येथे लागेल : कोणाला किल्ली, किती दिवस जतन, आणि नष्ट करायचे ते कोणाच्या सहीने.

शिवीगाळीचा बंदोबस्त हा आणखी एक खर्च. जातिवाचक टोमणा यंत्राला ओळखू येत नाही. आडनावावरून, आरक्षणावरून, 'गुणवत्ता' ह्या एका निरागस शब्दावरून काय सुचवले जाते, हे मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू जाणणारा आणि ते सोसलेला मनुष्यच ओळखतो. असा मनुष्य रोज तेच वाचत बसला तर त्याच्या मनावर परिणाम होतो, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. त्यामुळे हे काम पाळीपाळीने वाटले पाहिजे, आणि पाळी संपलेल्याला खरोखर सुट्टी मिळाली पाहिजे.

तरुण मंडळींपैकी काहींनी मॅस्टोडॉनऐवजी ब्लूस्काय सुचवले. तेथे रचना निराळी आहे. सभासदाचा स्वतःचा मजकूर ठेवणारे घर लहान असते. एक ते वीस सभासदांसाठी एक गिगाबाइट स्मरणशक्ती आणि वीस गिगाबाइट साठवण पुरे, असे त्यांचेच मार्गदर्शन सांगते. परक्यांच्या प्रती आपल्या घरात साचत नाहीत. पण सर्व घरांचा मजकूर गोळा करून वाहून नेणारी मधली यंत्रणा, जिला तेथेही 'रिले'च म्हणतात, ती कोणीतरी चालवावी लागते, आणि बहुतांशी ती कंपनीच चालवत आली आहे. संगणकतज्ज्ञ क्रिस्टीन लेमर-वेबर यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लिहिले की, जुलैमध्ये ज्या रिलेला एक टेराबाइट लागत होता त्याला चारच महिन्यांत पाच लागू लागले. पुढे रचनेत बदल झाला, रिलेने सगळा जुना साठा जपून ठेवण्याची अट गेली, आणि २०२५ मध्ये कंपनीच्याच अभियंत्याने महिना चौतीस डॉलरांच्या भाड्याच्या संगणकावर पूर्ण रिले चालवून दाखवला. तबकड्या स्वस्त झाल्यामुळे हे घडले नाही. 'सगळे जपायचे' हा हट्ट सोडल्यामुळे घडले. वाचकाला हव्या त्या क्रमाने सगळे मांडून दाखवणारा शेवटचा भाग मात्र अजूनही खर्चीक आहे.

येथे मला ब्लॅकस्काय ह्या प्रयत्नाचा मुद्दाम उल्लेख करायचा आहे. रूडी फ्रेझर ह्या तरुणाने २०२३ मध्ये ब्लूस्कायवर कृष्णवर्णीय समाजासाठी एक निवडक वाचनप्रवाह सुरू केला. पुढे त्या मंडळींनी वंशद्वेषी मजकुरावर खूण करणारी स्वतःची यंत्रणा उभी केली, सभासदांच्या खात्यांसाठी स्वतःचे सर्व्हर उभे केले, स्वतःचा रिले लिहून काढला, आणि त्यासाठी समाजाकडून देणग्या गोळा केल्या. क्रम लक्षात घ्या : आधी माणसे जमली, मग देखरेख, मग यंत्रे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून आपल्या दोन समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. त्या नात्याने ह्या मंडळींकडे जाऊन त्यांचा हिशेब पाहण्यात आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

आपल्या इतिहासाचा साठा हा विषय मी वरील सर्वांपासून अलग ठेवू इच्छितो. मॅस्टोडॉन आलेले छायाचित्र लहान करते आणि त्यातील तारीख-स्थळाच्या नोंदी काढून टाकते. संवादासाठी ते योग्यच आहे, दप्तरासाठी नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपुरात हजर असलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यांच्या मुलाखती, जुनी पत्रे, जयंतीची छायाचित्रे यांची मूळ प्रत सर्व्हरवर टाकून आपण निश्चिंत होऊ नये. आणि पाहा, शंभर तासांच्या मुलाखती चांगल्या प्रतीच्या चित्रफितीत घेतल्या, तासाला तीन गिगाबाइट धरले, तरी तीनशे गिगाबाइट होतात. ते सगळे खिशात मावणाऱ्या तबकडीत बसते. तशा तीन तबकड्या तीन शहरांत ठेवायच्या, आणि वर्षातून एकदा त्या उघडून, वाचता येतात की नाही ते पाहायचे. जे आपले आहे ते इतके थोडे आहे, आणि त्याला जपायला दरमहाचे बिलही लागत नाही. हे काम सर्व्हरच्या निर्णयाची वाट न पाहता ह्याच महिन्यात सुरू व्हावे.

आता प्रत्यक्ष प्रस्ताव. मध्यम क्षमतेचा भाड्याचा संगणक, चित्रांचा साठा, राखीव प्रत, पत्रे पाठवण्याची सेवा आणि नावाचे शुल्क मिळून, सफाई नियमित झाली तर, माझ्या अंदाजाने महिना साठ ते शंभर डॉलर लागतील. म्हणजे वर्षाला हजाराच्या आसपास. ह्या जयंतीच्या भोजनाचा खर्च त्याहून अधिक झाला आहे. भोजन उत्तम होते, तक्रार नाही. पण भोजनासाठी आपण वर्षातून एकदा उत्साहाने पाकीट उघडतो. मला हवे आहेत ते दरमहा अडीच डॉलर देणारे चाळीस सभासद, आणि ती रक्कम बँकेतून आपोआप वळती होणारी असावी, कोषाध्यक्षांना दूरध्वनी करावा लागू नये. पहिल्या दिवशी दोन वर्षांचा खर्च शिलकीत असावा. तांत्रिक किल्ल्या तिघांकडे असाव्यात, तिघे वेगवेगळ्या घरांतले, आणि त्यांत किमान एक भगिनी असावी. बंद करण्याची वेळ आलीच तर सभासदांना तीन महिने आधी सूचना मिळेल, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांकडून ही हमी घेतलीच जाते. आपण यादीत असू वा नसू, ती पाळावी.

दाराजवळच्या टेबलावर दोन तक्ते ठेवले आहेत. एक वर्गणीचा, दुसरा पाळीचा. पहिल्यावर चाळीस आणि दुसऱ्यावर सहा नावे धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत भरली, तर कार्यकारिणी काम सुरू करील. न भरली तर सर्व्हर उभा करायचा नाही, असे मी लेखी कळवले आहे. त्या स्थितीत संस्थेचे नाव आपल्या मालकीचे नोंदवून, ब्लूस्कायवर दहा-वीस सभासदांसाठी लहान घर चालवून पाहावे आणि वर्षभराने पुन्हा हिशेब मांडावा. पाळीच्या तक्त्यावर सकाळपासून दोन नावे आली आहेत. दोन्ही विद्यार्थ्यांची आहेत. ज्येष्ठांनी जेवणानंतर तिकडे एक फेरी मारावी, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण थांबवतो.

जय भीम! जय भारत!